पाण्याची रेघ दगडावर



दगडखाणीतल्या कामगारांची संघटना बांधणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभे राहून जेलीफिशच्या ठशांविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मजुरीचे दर, सुरुंगाचे अपघात, दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस, हे आमचे नेहमीचे विषय. परंतु ज्या दगडावर आमच्या माणसांचे पोट आहे तो दगड मुळात काय आहे, तो किती जुना आहे आणि त्याच्या पोटात काय दडलेले असू शकते, हे जाणून घेणे हा दगड फोडणाऱ्याचाही हक्क आहे, असे आम्ही मानतो. आमचे शाळेतले शिक्षण थोडे झाले. जे कळले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर कळले. म्हणून पंडिताचा आव न आणता, जे समजले तेवढेच आपल्यापुढे मांडणार आहोत.

प्रथम हा प्राणी कसा असतो ते पाहू. कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी वाळूत पडलेला एखादा पारदर्शक, लिबलिबीत गोळा आपण पाहिला असेल. समुद्रात तो छत्रीसारखा उघडतो, मिटतो आणि त्या उघडमिटीच्या जोरावर पुढे सरकतो. छत्रीच्या कडेला तंतू लोंबत असतात आणि त्या तंतूंत दंश करणाऱ्या पेशी असतात. त्याला हाड नाही, कवच नाही, दात नाही. मेंदू नाही, हृदय नाही आणि रक्तही नाही. त्याच्या अंगाचा शेकडा ९५ भाग पाणीच असतो. वाळूत पडून ऊन लागले की काही तासांत त्याचा पातळ पापुद्रा उरतो, आणि पुढच्या भरतीला तोही जातो. आपल्याकडे क्षणभंगुर गोष्टीला ‘पाण्यावरची रेघ’ म्हणतात. जेलीफिश म्हणजे ही म्हण देह धारण करून पोहत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता जीवाश्म कसा बनतो ते पाहू. एखादा प्राणी मरतो. त्याचे मांस इतर प्राणी खातात किंवा ते कुजते. मागे हाड, शिंपला, दात असे कठीण भाग उरतात. त्यांवर गाळ बसतो, गाळावर गाळ चढतो, कोट्यवधी वर्षांच्या दाबाने त्याचा खडक होतो आणि कठीण भागाचा आकार त्या खडकात राहतो. याचा अर्थ असा की, ज्याच्या अंगी काही कठीण आहे, त्याचीच नोंद राहण्याचा संभव अधिक. ज्याच्या अंगी ते नाही तो जगला, वाढला, त्याने समुद्र भरून टाकला, तरी खडकाच्या वहीत त्याचे नाव बहुधा चढत नाही.

हे आमच्या माणसांना समजावून सांगताना आम्ही मस्टरचे उदाहरण देतो. मुंबईच्या कापडगिरण्या चालू होत्या तेव्हा पहाटे फाटकाशी बदली कामगार उभे राहत. कायम कामगार कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी बदलीवाल्याला त्या दिवसापुरते आत घेत. कोणी नुसते कायम कामगारांचे मस्टर पाहून त्या गिरणीचा इतिहास लिहू लागला, तर बदलीवाला त्यात कोठे दिसेल? पण कापड त्याच्याही हातांनी निघाले होते. खडकाचे मस्टर तसेच आहे. त्यात शिंपलेवाले आणि हाडेवाले हे कायम कामगार. जेलीफिश हा बदलीवाला.

मग या बदलीवाल्याची हजेरी कधीच लागली नाही काय? लागली, पण फार क्वचित. त्यातल्या एका हजेरीची हकीकत आज मुख्यतः सांगावयाची आहे.

अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचे राज्य आहे. समुद्रापासून ते फार दूर, देशाच्या मध्यभागाच्या उत्तरेला आहे. त्या राज्याच्या मध्यावर मॉसिनी नावाचे गाव आणि गावाजवळ क्रुकोव्स्की यांची दगडखाण आहे. तेथे वालुकाश्म निघतो. वालुकाश्म म्हणजे वाळूचाच झालेला दगड. तो थराथराने सुटतो, आणि थर सुटला की खाली एखाद्या अंगणासारखा सपाट पृष्ठभाग उघडा पडतो. त्यावर लाटांनी वाळूत उमटवलेल्या वळ्या जशाच्या तशा दिसतात. या वळ्यांच्या मधून मधून गोल ठसे दिसू लागले: मध्ये उंचवटा, त्याभोवती खोलगट कडे. कित्येक ठसे जेवणाच्या ताटाएवढे. एक नाही, दोन नाहीत, शेकडो.

डॅन डॅमरो नावाच्या स्थानिक जीवाश्म-संग्राहकाने या ठशांत लक्ष घातले. त्यानंतर जेम्स हॅगाडॉर्न आणि विस्कॉन्सिन विद्यापीठातील ज्येष्ठ भूशास्त्रज्ञ रॉबर्ट डॉट यांनी डॅमरो यांच्यासह त्यांचा अभ्यास केला, आणि २००२ साली ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात तिघांच्या नावाने निबंध प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की, हे ठसे सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या, कँब्रियन कालखंडाच्या उत्तरार्धातील जेलीफिशचे आहेत. कमीत कमी ७ निरनिराळ्या थरांत ते सापडले. म्हणजे हा एकाच दिवसाचा अपघात नव्हे. त्या किनाऱ्यावर पुन्हा पुन्हा जेलीफिशचे थवेच्या थवे येऊन वाळूत अडकत होते.

५० कोटी वर्षे हा आकडा तोंडाने उच्चारणे सोपे आहे, मनात धरणे कठीण. आपला सह्याद्री ज्या लाव्ह्याचा झाला, तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. तो वाहत होता तेव्हा विस्कॉन्सिनच्या त्या वाळूला दगड होऊन कोट्यवधी वर्षे लोटली होती. हे जेलीफिश पोहत होते तेव्हा जमिनीवर झाड नव्हते, गवत नव्हते, पक्षी नव्हता. उत्तर अमेरिकेचा तो भूभाग तेव्हा विषुववृत्ताच्या आसपास होता आणि त्यावर उथळ, उबदार समुद्र पसरला होता.

त्यांची शेवटची घटका कशी गेली असेल, हेही त्या ठशांवरून संशोधकांनी ताडले आहे. भरतीबरोबर किंवा वादळाच्या लाटेबरोबर जेलीफिश किनाऱ्याच्या उथळ पाण्यात आले. पाणी ओसरले. ते वाळूवर टेकले. जेलीफिशला एकच हालचाल येते: छत्री मिटणे आणि उघडणे. तीच त्यांनी करून पाहिली. त्या धडपडीत छत्रीच्या कडेखालची वाळू उकरली गेली, काही वाळू पोटाच्या पोकळीत ओढली गेली. कडेची वाळू उकरली गेली तेथे खोलगट कडे झाले, पोटातल्या वाळूचा उंचवटा झाला. आजच्या समुद्रकिनाऱ्यावर अडकलेले जेलीफिश जे ठसे ठेवतात, त्यांच्याशी हे ठसे जवळजवळ तंतोतंत जुळतात. सुटण्यासाठी केलेली ती धडपड ५० कोटी वर्षे दगडात राहिली आहे.

पण असे हे ठसे तेथेच का टिकले? चिखल बारीक असतो, तो नाजूक आकार धरून ठेवतो, म्हणून मऊ प्राण्यांचे ठसे बहुधा चिखलाच्या खडकांत मिळतात. जाडसर वाळूत ते टिकणे ही अतिशय दुर्मीळ गोष्ट. आज एखादा जेलीफिश वाळूत पडला तर खेकडे येतात, पक्षी येतात, वाळूत बिळे करणारे किडे वाळू खालीवर करतात. ठसा राहणार कसा? त्या काळी किनाऱ्यावर हे टोचणारे, उकरणारे, वेचणारे जवळजवळ नव्हते. पुढची वाळू अलगद येऊन ठशावर बसली आणि तो झाकला गेला. पुढे न्यूयॉर्क राज्यातील वालुकाश्मातही असेच ठसे ओळखले गेले, आणि २००८ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले.

विस्कॉन्सिनच्या याच परिसरातील खडकांत आणखी एक आश्चर्य आहे. मोटारसायकलच्या चाकाने उमटावी तशी लांबच लांब नक्षी तेथे दिसते. तिला ‘क्लायमॅक्टिक्नाइट्स’ असे नाव आहे, आणि ती एका मोठ्या, गोगलगाईसारख्या मऊ प्राण्याच्या सरपटण्याची वाट आहे, असे मानतात. पाय असलेल्या सांधेपाद प्राण्यांच्या पावलांच्या ओळीही तेथे आहेत. म्हणजे एकीकडे समुद्राचा प्राणी वाळूत अडकून मरत होता, आणि त्याच वाळूवर दुसरे काही प्राणी पाण्याबाहेर पहिली पावले टाकून पाहत होते.

आता आपल्यापैकी कोणी चौकस श्रोता विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे: हे गोल ठसे जेलीफिशचेच कशावरून? निसर्गात गोल आकार पुष्कळ होतात. बुडबुडा फुटला तरी गोल खळगा पडतो. ही शंका रास्त आहे. इतकी रास्त की, जेलीफिशच्या जीवाश्मांचा इतिहास हा बराचसा फसगतींचा इतिहास आहे. तो सांगितल्याशिवाय विस्कॉन्सिनच्या ठशांचे मोल कळणार नाही.

पहिली हकीकत चार्ल्स डूलिटल वॉलकॉट यांची. यांचा जन्म १८५० चा. अठराव्या वर्षी शाळा सुटली ती कायमची. पदवी नाही, परीक्षा नाही. दुकानात कारकुनी केली, मग एका शेतावर राहून काम केले आणि त्या शेताच्या खडकांतून जीवाश्म वेचले. हा माणूस पुढे १८९४ साली अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाचा संचालक झाला, आणि १९०७ पासून १९२७ साली मृत्यू येईपर्यंत स्मिथसोनियन संस्थेचा प्रमुख राहिला. आमच्यासारख्या स्वतः अक्षरे जुळवून शिकलेल्या माणसाला या चरित्राचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविक आहे. या वॉलकॉट यांनी १८९८ साली जीवाश्म जेलीफिशवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात अलाबामा राज्यातील, फुलासारख्या पाकळ्या असलेले गोटे होते. त्यांना त्यांनी ‘ब्रुक्सेला’ हे नाव दिले होते आणि ते जेलीफिश ठरवले होते. त्यानंतर कोणी त्यांना किड्याचे बीळ म्हटले, कोणी स्पंज म्हटले. अखेर २०२३ साली जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी त्या गोट्यांच्या आतील रचना तपासून सांगितले की, हा प्राणीच नव्हे. खनिज साचून झालेला हा गोटा आहे. सव्वाशे वर्षे एक गोटा जिवंत प्राण्यांच्या यादीत नाव लावून बसला होता!

दुसरी हकीकत ऑस्ट्रेलियातील. १९४६ साली रेजिनाल्ड स्प्रिग नावाचा तरुण सरकारी भूशास्त्रज्ञ दक्षिण ऑस्ट्रेलियातील एडियाकारा टेकड्यांत गेला. तेथे जुन्या, बंद पडलेल्या शिशाच्या खाणी होत्या. त्या पुन्हा चालवणे परवडेल काय, हे पाहण्याचे काम त्याला दिले होते. तेथे वालुकाश्माच्या फरशांवर त्याला गोल ठसे दिसले. हे प्राचीन जेलीफिश आहेत असे त्याने जाहीर केले. विद्वानांनी फारसे लक्ष दिले नाही. पुढे कळून आले की हे ठसे कँब्रियनपूर्व, सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, आणि पृथ्वीवरील मोठ्या आकाराच्या जीवांच्या अगदी आरंभीच्या खुणांपैकी आहेत. २००४ साली भूशास्त्राच्या कालगणनेत ‘एडियाकारन’ हा नवा कालखंडच त्या टेकड्यांच्या नावाने अधिकृत झाला. गंमत अशी की, स्प्रिगची निरीक्षणशक्ती खरी ठरली, पण जेलीफिश हे नाव टिकले नाही. त्या गोल ठशांपैकी पुष्कळ ठसे तळाला चिकटून उभ्या राहणाऱ्या, पानासारख्या जीवांच्या बुडख्याचे आहेत, असे आज मानतात. माणसाने खजिना शोधावा, पण पेटीवर चिठ्ठी भलतीच लावावी, तसे झाले.

तिसरी हकीकत कोळसा-खाणीची आहे, म्हणून आम्हांला ती अधिक जवळची. इलिनॉय राज्यात ब्रेडवुड गावाच्या आसपास कोळशाच्या खाणी होत्या. अमेरिकेच्या खाणकामगारांच्या संयुक्त संघटनेचे १८९८ ते १९०८ या काळातील अध्यक्ष जॉन मिचेल यांचा जन्म याच ब्रेडवुडचा. लहानपणीच ते खाणीत कामाला लागले होते. त्या भागात कोळसा काढताना वरची माती-दगड बाजूला टाकून ढिगारे झाले. त्या ढिगाऱ्यांतल्या गोट्यांत ३१ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म मिळतात. मॅझॉन क्रीक या नावाने ते जगप्रसिद्ध आहेत. त्यांत एक आकार हजारोंनी मिळे. काही नक्षी नाही, नुसता डाग. हौशी लोक त्याला कंटाळून फेकून देत. १९७९ साली त्याला ‘एसेक्सेला’ हे नाव देऊन जेलीफिश ठरवण्यात आले. २०२३ साली रॉय प्लॉटनिक, ग्रॅहम यंग आणि जेम्स हॅगाडॉर्न यांनी हजारो नमुने पाहून दाखवून दिले की, हा जेलीफिश नव्हे. हे समुद्रफूल, म्हणजे तळाला रुतून राहणारा जेलीफिशचा भाऊबंद आहे. आजवर सगळे त्याला उलटा धरून पाहत होते. ज्याला छत्री म्हटले ते त्याचे बूड होते! हे हॅगाडॉर्न म्हणजे विस्कॉन्सिनचे ठसे जेलीफिशचे ठरवणारेच. जेथे पुरावा आहे तेथे त्यांनी होय म्हटले, जेथे पुरावा उलटला तेथे नाही म्हटले.

चौथी हकीकत आपल्या देशाची, मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील. तेथील शैलाश्रयांतील चित्रे सर्वांना ठाऊक आहेत. ‘ऑडिटोरियम’ नावाच्या गुहेच्या छताजवळ एक पानासारखा आकार दिसला. स्प्रिगने १९४७ साली ऑस्ट्रेलियातील ठशांत ज्याचे नामकरण केले, त्या ‘डिकिन्सोनिया’ नावाच्या आदिप्राण्याचा हा ठसा आहे, असे ग्रेगरी रिटॅलॅक आणि सहकाऱ्यांनी २०२१ च्या आपल्या निबंधात मांडले. वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे आले. २०२३ साली जोसेफ मीर्ट आणि सहकाऱ्यांनी तीच जागा पुन्हा निरखली. तो आकार दगडाच्या आत नव्हता, दगडावर चिकटला होता, आणि त्यात मधाच्या पोळ्याची घरटी दिसत होती. ते आग्या मोहोळाचे झडलेले, जुने पोळे होते! रिटॅलॅक यांनी हे मान्य केले.

या चार हकीकती ऐकून कोणी म्हणेल की, मग या शास्त्रज्ञांवर विश्वास तरी कसा ठेवावा? आमचे म्हणणे नेमके उलट आहे. जे आपली चूक छापून जाहीर करू देतात आणि ती पटली तर पटली म्हणून सांगतात, त्यांच्यावरच विश्वास ठेवावा. आम्ही आयुष्यभर वाटाघाटींच्या टेबलाशी बसलो. समोरचा पक्ष आकडा चुकला असे कबूल करतो, असा प्रसंग विरळाच. आणि आपली बाजूही ते सहज करते असे नाही. विद्येच्या क्षेत्रात दुसऱ्याने केलेली तपासणी ही शत्रुत्वाची गोष्ट मानीत नाहीत, ही शिकण्याजोगी रीत आहे.

आणि म्हणूनच विस्कॉन्सिनच्या ठशांचे मोल. तेथे एकच गोल आकार सापडून कोणी घोषणा केली नाही. शेकडो ठसे, लहानमोठे, एकाच घडणीचे; लाटांच्या वळ्यांच्या संगतीने, किनाऱ्याच्या वाळूत, म्हणजे जेथे जेलीफिश अडकावयाचे तेथेच; आणि आजच्या किनाऱ्यावरील ठशांशी जुळणारे. साक्षीदार एक असला तर शंका घ्यावी. शेकडो साक्षीदार एकच हकीकत सांगू लागले, आणि जागाही तीच बोलू लागली, तर ऐकावे.

दुसऱ्या एका ठिकाणाहूनही या साक्षीला आता जोड मिळाली आहे. कॅनडातील बर्जेस शेल हा खडक वॉलकॉट यांनीच १९०९ साली प्रसिद्धीस आणला. तेथे समुद्रतळावर चिखल कोसळून प्राणी गाडले गेले आणि त्यांचे मऊ अवयवसुद्धा राहिले. तेथून डेसमंड कॉलिन्स यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या दशकात जमवलेले नमुने टोरोंटोच्या रॉयल ऑन्टेरिओ संग्रहालयात होते. त्यांतील १८२ नमुने अभ्यासून जोसेफ मॉइसियुक, जस्टिन मून आणि जाँ-बर्नार कॅरॉन यांनी २०२३ साली ‘बर्जेसोमेड्युसा’ या जेलीफिशचे वर्णन प्रसिद्ध केले. वय सुमारे ५० कोटी ५० लाख वर्षे. छत्री २० सेंटिमीटरपर्यंत. कडेला ९० हून अधिक तंतू. तेथे छत्रीचा आकार आणि तंतू स्वच्छ दिसतात. वाळूतल्या ठशाने सांगितले, ‘आम्ही पुष्कळ होतो.’ चिखलातल्या नमुन्याने सांगितले, ‘आम्ही असे होतो.’

यावरून काय सिद्ध झाले? कँब्रियन समुद्राचे जे चित्र केवळ कवचे पाहून काढले जात होते, ते अपुरे होते. तेथे मोठे, मऊ, मोकळे पोहणारे शिकारी प्राणी होते, आणि विपुल होते. नोंद नाही म्हणून अस्तित्व नाही, असे म्हणता येत नाही. एवढा एक धडा या प्राण्याने शास्त्राला दिला.

आता शेवटी आमच्या लोकांचा प्रश्न. आपल्या महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा आहे. लाव्ह्यात जेलीफिश सापडत नाही; तो शोधण्यासाठी कोणी क्रशरवर गर्दी करू नये. परंतु लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कोठे कोठे तळ्यांचा गाळ दबलेला आहे आणि त्यात झाडांचे, शिंपल्यांचे जीवाश्म मिळतात. विदर्भात तर लाव्ह्याहून जुने गाळाचे खडक आहेत. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे दगड झालेली झाडे आहेत आणि तेथे जीवाश्म उद्यान केलेले आहे. देशभर फरशीसाठी जो वालुकाश्म आणि चुनखडक निघतो, तो तर गाळाचाच. कित्येक घरांच्या अंगणातील फरशीवर लाटांच्या वळ्या असतात. आपण त्यावर पाय ठेवून जातो, खाली पाहत नाही.

जगातल्या अनेक मोठ्या शोधांचा पहिला स्पर्श विद्वानाच्या हाताचा नाही, पाथरवटाच्या हाताचा आहे. जुन्या शिळाछापासाठी जगभर नावाजलेला चुनखडक बव्हेरियातील झोल्नहोफेनचा. तो दगड पातळ पातळ थरांत हाताने सोलून काढतात, आणि असे थर सोलताना दीडशे दशलक्ष, म्हणजे १५ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म उघडे पडतात. आद्य पक्षी आर्किऑप्टेरिक्स तेथलाच. त्याच भागातील जेलीफिशचे ठसे एर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८६६ साली वर्णन केले. हेकेलचे नाव ग्रंथात आहे. ज्याच्या छिन्नीने तो थर सुटला त्याचे नाव कोठे आहे? विस्कॉन्सिनच्या निबंधावर विद्यापीठवाल्यांच्या जोडीला गावच्या संग्राहकाचेही नाव आहे, हे आम्हांला म्हणूनच महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे काय स्थिती आहे? खाणीत मजुरी ब्रासवर असते. जितके ब्रास फोडाल तितके पैसे. दगडात काही वेगळे दिसले म्हणून माणूस थांबला, तर थांबलेली वेळ त्याच्या पोटातून जाते. मुकादम म्हणतो, ‘पुढे चला.’ दगड क्रशरमध्ये जातो, त्याची खडी होते, खडीचा रस्ता होतो. ५० कोटी वर्षे जे टिकले ते एका मिनिटात जाते, आणि त्यात त्या मजुराचा दोष नसतो. ज्याला थांबणे परवडत नाही त्याच्याकडून कुतूहलाची अपेक्षा करणे हा अन्याय आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे, आणि ती या नगरातील सुशिक्षित नागरिकांनी आपली म्हणावी अशी विनंती आहे. खाणीत काही विशेष दिसले तर काम थांबवणाऱ्याचा त्या वेळेचा रोज कापला जाऊ नये. ठसा जेथे सापडला तेथेच, वरची बाजू कोणती हे खूण करून ठेवावे, शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. कारण ठसा उचलून घरी नेला की त्याची निम्मी साक्ष नाहीशी होते. दगड उलटा झाला की खळगा कोणता आणि उंचवटा कोणता, हेच कळेनासे होते. जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. आणि त्या नोंदीत, पुढे तो ठसा जीवाश्म ठरो की आग्या मोहोळ ठरो, ज्याने तो प्रथम पाहिला त्या कामगाराचे नाव, गाव आणि तारीख लिहावी. यास खर्च फार नाही. एक वही आणि एक दिवसाचा रोज.

महाविद्यालयांतील प्राध्यापक मंडळी या सभेत आहेत. त्यांनी वर्षातून एकदा विद्यार्थ्यांना घेऊन खाणीवर यावे. खडकाचे शास्त्र त्यांनी आमच्या माणसांना सांगावे. कोणता थर कोठे सुटतो, कोणत्या दगडाचा आवाज भरीव आणि कोणत्याचा पोकळ, हे आमची माणसे त्यांना सांगतील. जेवणाच्या सुट्टीची वेळ दुपारी साडेबारा ते एक अशी असते. त्या अर्ध्या तासापासून आरंभ करता येईल.